इंजिन तेलाची श्यानता आणि बेअरिंगमधील फट

इंजिन तेलाची श्यानता आणि बेअरिंगमधील फट यांचा मेळ हा अंतर्ज्वलन इंजिनाच्या बांधणीतील एक मूलभूत प्रश्न आहे. फिरणारा दंड आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामध्ये हेतुपुरस्सर ठेवलेल्या सूक्ष्म फटीत तेलाचा थर टिकून राहावा, यासाठी त्या फटीला साजेशा दाटपणाचे तेल निवडणे, किंवा ठरलेल्या तेलाला साजेशी फट राखणे, असे त्याचे स्वरूप असते. नेहमीच्या वाहनात हा निर्णय निर्माता घेतो व वापरणाऱ्याने मार्गदर्शक पुस्तिकेतील तेल भरले की काम भागते. शर्यतीसाठी किंवा अधिक शक्तीसाठी नव्याने बांधलेल्या इंजिनात मात्र तो बांधणाऱ्यालाच घ्यावा लागतो. तो चुकल्यास बेअरिंग वितळणे, क्रँकशाफ्ट ओरखडणे आणि शेवटी इंजिन जाम होणे अशी हानी काही सेकंदांतही होऊ शकते.

संज्ञा

द्रवाच्या थरांनी एकमेकांवरून सरकण्यास केलेला विरोध म्हणजे श्यानता. संस्कृतात ‘श्यान’ म्हणजे घट्ट झालेले, थिजलेले. मध श्यान असतो, पाणी अल्पश्यान असते. गॅरेजमध्ये हीच गोष्ट ‘जाड तेल’ आणि ‘पातळ तेल’ या शब्दांनी सांगितली जाते व ते शब्द व्यवहारात पुरेसे आहेत. श्यानता आणि घनता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मात्र विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. तेल पाण्यावर तरंगते, म्हणजे त्याची घनता पाण्याहून कमी असते. श्यानता मात्र कितीतरी पटींनी अधिक असते.

बेअरिंगला मराठी परिभाषेत ‘धारवा’ असा शब्द आहे, पण तो कारखान्यांत रुळला नाही. मोटारगाडीच्या क्रँकशाफ्टला आधार देणारी मुख्य बेअरिंगे आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकातील बिग एंड बेअरिंगे सामान्यतः सपाट प्रकारची असतात. त्यांत गोळ्या किंवा रोलर नसतात. पोलादी पाठीवर मऊ धातूचा लेप दिलेल्या दोन अर्धगोल वाट्या एकत्र येऊन एक नळी तयार होते व तिच्यात दंडाचा गुळगुळीत भाग फिरतो. या भागाला जर्नल म्हणतात. नळीचा आतील व्यास वजा जर्नलचा व्यास म्हणजे बेअरिंगमधील फट. कारखान्यात तिला ‘क्लिअरन्स’ म्हणतात. ५० मि.मी. व्यासाच्या जर्नलसाठी ही फट साधारण ०.०५ मि.मी. असते. माणसाचा केस याहून जाड असतो.

इतिहास

दोन धातूंमध्ये स्निग्ध पदार्थ घातला की घर्षण कमी होते, हे ज्ञान फार जुने आहे. बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावण्याची रीत मोटारगाडीच्या कितीतरी आधीची. या एरंडेलाचा इंजिनांशीही जवळचा संबंध आला. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांत आणि सुरुवातीच्या शर्यतीच्या गाड्यांत एरंडेलच वापरले जाई. ‘कॅस्ट्रॉल’ हे व्यापारी नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडले.

तेल नेमके काय करते याचा उलगडा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, तोही काहीसा अपघाताने. इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास बोशाँ टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी पाडलेल्या भोकातून यंत्र चालू असताना तेल उलट वर येऊ लागले. भोकात बूच बसवले, तेही बाहेर फेकले गेले. तेथे दाबमापक लावल्यावर दिसले की, तेलाचा दाब बेअरिंगवरील सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे दंड धातूवर टेकलेला नसून तेलावर तरंगत होता. या निरीक्षणाचे गणित ऑस्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये मांडले. बेअरिंगांच्या अभिकल्पाचा पाया आजही तेच समीकरण आहे. पुढे जर्मनीत रिखार्ड श्ट्रिबेक यांनी १९०२ मध्ये वेग, भार आणि घर्षण यांचा संबंध आलेखाने दाखवला, आणि आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १९०४ मध्ये रेनल्ड्झ यांचे समीकरण बेअरिंगसाठी सोडवले. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, इंजिन तेलांची श्यानतेनुसार पहिली वर्गवारी १९११ मध्ये केली. तेलाच्या डब्यावर आज दिसणारे आकडे तिच्याच सुधारित रूपातून आलेले आहेत.

कार्यतत्त्व

इंजिन बंद असताना क्रँकशाफ्ट बेअरिंगच्या तळाशी टेकलेला असतो. तो फिरू लागला की आपल्याबरोबर तेल ओढून नेतो. हे तेल रुंद जागेतून अरुंद होत जाणाऱ्या पाचरीसारख्या पोकळीत कोंबले जाते, तेथे दाब निर्माण होतो आणि दंड उचलला जातो. ओल्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या गाडीचे चाक पाण्यावर तरंगू लागते, तसाच हा प्रकार आहे. रस्त्यावर तो घातक ठरतो; बेअरिंगमध्ये सारे काही त्यावरच अवलंबून असते.

भार वाहणारा हा दाब तेलपंप निर्माण करीत नाही, तो दंडाच्या फिरण्यातून निर्माण होतो, हे मुद्दाम सांगावे लागते. पंपाचे काम फटीत तेलाचा पुरवठा अखंड ठेवण्याचे. पंपाचा दाब काही किलोग्रॅम प्रति चौ. सेंमी. असतो, तर पाचरीतील दाब त्याच्या शेकडो पट असू शकतो. म्हणून डॅशबोर्डवरील दाबमापकाचा काटा वर गेला म्हणजे बेअरिंग अधिक सुरक्षित झाले, ही समजूत बरोबर नाही. फट अरुंद असेल किंवा तेल फार जाड असेल तरी काटा वर जातो, आणि तेव्हा बेअरिंगमधून वाहणारे तेल प्रत्यक्षात कमी झालेले असते.

तेलाच्या थराची जाडी सर्वत्र सारखी नसते. भाराच्या दिशेला ती सर्वांत कमी असते. तीव्र भाराच्या क्षणी बिग एंड बेअरिंगमध्ये ती एक-दोन मायक्रॉनपर्यंत, कधी त्याहूनही खाली येते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जर्नलच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे एवढ्या जाडीच्या थरातून वर डोकावू लागले की धातूला धातू लागतो. जर्नल घासून मग चकाकी देण्याचा खटाटोप त्यासाठीच असतो.

फट आणि श्यानता यांचा संबंध

झोमरफेल्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी संख्या हा या विषयाचा गाभा आहे. जर्नलची त्रिज्या भागिले त्रिज्येवरची फट, या गुणोत्तराचा वर्ग घ्यावा. त्याला श्यानता व फिरण्याचा वेग यांनी गुणावे आणि बेअरिंगवरील दाबाने भागावे. ही संख्या सारखी असलेली दोन बेअरिंगे, आकार वेगळे असले तरी, सारख्याच रीतीने वागतात. म्हणून बाकी सर्व कायम ठेवून फट वाढवली, तर तीच स्थिती राखण्यासाठी श्यानता फटीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावी लागते. फट ०.०४ वरून ०.०५ मि.मी. केली, तर श्यानता १.५६ पट हवी. डोळ्यांना न दिसणारा मिलिमीटरचा शंभरावा भाग तेलाची श्रेणी बदलायला लावतो तो असा.

प्रत्यक्षात मात्र एवढी मोठी वाढ बहुधा लागत नाही, कारण फटीचा परिणाम तापमानावरही होतो. दाबाने सोडलेल्या तेलाचा प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वरच्याच उदाहरणात तो जवळजवळ दुप्पट होतो. हे तेल जाताना उष्णता वाहून नेते, बेअरिंग थंड राहते आणि थंड तेल आपोआपच दाट असते. १०० अंश सेल्सियसच्या आसपास तेलाचे तापमान १० अंशांनी घटले, तर श्यानता साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने वाढते. याउलट फट फार कमी ठेवली, तर तेलाच्या घुसळणीतून निर्माण झालेली उष्णता बाहेर पडत नाही, तेल पातळ होते, थर आणखी बारीक होतो आणि उष्णता आणखी वाढते. हे चक्र सुरू झाले की बेअरिंग वाचत नाही. अरुंद फट आणि जाड तेल ही जोडी म्हणूनच सर्वांत वाईट. प्रशस्त फट आणि अतिपातळ तेल या जोडीत तेल कडेने निसटून जाते, इंजिन गरम असताना मंद गतीला दाब पडतो आणि ठोके ऐकू येऊ लागतात.

फट ठरवण्याचा जुना कारखानी नियम असा की, जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच फट ठेवावी. शर्यतीच्या इंजिनात त्यावर आणखी अर्धा हजारांश इंच द्यावा. नियम ढोबळ आहे, पण चुकीचा नाही. अमेरिकेतील मोठ्या आठ-सिलिंडरी शर्यती इंजिनांच्या बांधणीत याला जोडून आणखी एक प्रघात रूढ आहे : फट सुमारे ०.०५ मि.मी.पर्यंत असेल तर २० श्रेणीचे तेल, त्यापुढे ०.०६५ पर्यंत ३०, ०.०८ पर्यंत ४० आणि त्याहून जास्त असेल तर ५०. हा तक्ता जसाच्या तसा भारतीय गाड्यांना लावणे मात्र धोक्याचे आहे. त्या इंजिनांचे जर्नल ६० मि.मी.हून मोठे असते. ६५ मि.मी. जर्नलवर ०.०६५ मि.मी. फट म्हणजे व्यासाचा हजारावा भाग. तीच फट लहान गाडीच्या ४२ मि.मी. जर्नलला दिली, तर ती प्रमाणाच्या दीडपट होते. फटीचा नुसता आकडा पाहू नये, व्यासाशी त्याचे गुणोत्तर पाहावे.

डब्यावरील आकड्यांचा अर्थ

‘१५डब्ल्यू-४०’ यातील पहिला आकडा थंडीतील वर्तनाचा, दुसरा तापलेल्या तेलाच्या श्यानतेचा. ‘डब्ल्यू’ हे हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. १५डब्ल्यू तेलाची थंड चाचणी उणे २० अंशांना होते, ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांना. दुसरा आकडा १०० अंशांवरील श्यानतेवरून ठरतो : ३० श्रेणीसाठी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० साठी १२.५ ते १६.३ आणि ५० साठी १६.३ ते २१.९.

बेअरिंगच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आकडा डब्याच्या दर्शनी भागावर सहसा नसतो. तो म्हणजे १५० अंश तापमानाला आणि सेकंदाला दहा लाख एवढ्या कर्तन-दराला मोजलेली श्यानता. हा दर कल्पनेतला नाही. ५० मि.मी. व्यासाचे जर्नल मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला जवळजवळ १६ मीटर असतो. हा वेग पंचवीस मायक्रॉनच्या थरावर पडला की कर्तन-दर सहा लाखांवर जातो आणि थर बारीक असेल तेथे दहा लाखांच्या पुष्कळ पुढे. बहुश्रेणी तेलांत दाटपणा टिकवण्यासाठी बहुवारिकांचे लांबलचक रेणू घातलेले असतात. एवढ्या कर्तनाखाली ते प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात व श्यानता तात्पुरती घटते. काही रेणू तुटतात, तेव्हा ती कायमची घटते. या चाचणीतील किमान मर्यादा २० श्रेणीला २.६, ३० ला २.९, तर १५डब्ल्यू-४० व ५० श्रेणीच्या तेलांना ३.७ मिलिपास्कल-सेकंद आहे. इंजिन बांधणाऱ्याने तेलाच्या तांत्रिक पत्रकातील हा आकडा पाहावा. एकाच श्रेणीच्या दोन तेलांत त्याबाबत बराच फरक आढळू शकतो.

फट मोजणे

फट दोन प्रकारे मोजतात. बेअरिंग बसवून, टोपीचे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळून आतील व्यास बोअर गेजने घ्यायचा व जर्नलचा व्यास मायक्रोमीटरने, ही खात्रीची रीत. दुसऱ्या रीतीत प्लास्टिगेज नावाची मेणासारखी बारीक वात जर्नलवर ठेवून टोपी आवळतात, पुन्हा उघडतात आणि चपट्या झालेल्या वातीची रुंदी कागदी पट्टीशी ताडून पाहतात. ही रीत स्वस्त आहे, पण ती एकाच जागेची फट सांगते. जर्नल लंबगोल किंवा निमुळते झिजले असेल तर ते तिला कळत नाही. बेअरिंगच्या वाट्यांची जाडी मुद्दामच जोडाकडे कमी ठेवलेली असते, त्यामुळे व्यास नेहमी जोडापासून दूर, उभ्या दिशेने घ्यावा लागतो. मापे घेताना सर्व भाग एकाच तापमानाला असावेत, ही अट साधी वाटते आणि सर्वांत जास्त मोडली जाते.

ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात आणखी एक अडचण येते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ५४ मि.मी. व्यासाचे ॲल्युमिनियमचे घर ८० अंशांनी तापले तर व्यास सुमारे ०.१० मि.मी. वाढतो, तर आतील पोलादी भाग ०.०५ मि.मी. वाढतात. थंड स्थितीत मोजलेली ०.०५ची फट गरम इंजिनात दुप्पट होऊ शकते. यासाठी अशा ठोकळ्यांत टोप्या लोखंडी ठेवणे किंवा लोखंडी पट्ट्या ओतून घेणे हे उपाय करतात. बिडाच्या ठोकळ्यात हा फरक नगण्य असतो.

शक्तिशाली इंजिनांतील विशेष बाबी

सिलिंडरमधील दाब वाढवला की बेअरिंगवरील भार वाढतो, फेरे वाढवले की पिस्टन व रॉडच्या जडत्वाचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो. जास्त भाराखाली क्रँकशाफ्ट वाकतो, रॉडचे मोठे टोक किंचित लंबगोल होते. अरुंद फटीत ही हालचाल सामावत नाही. शर्यतीच्या इंजिनाला थोडी जास्त फट देण्याचे मुख्य कारण हेच. फट वाढली म्हणजे पंपाची क्षमताही वाढवावी लागते. मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे १० पौंड प्रति चौ. इंच, म्हणजे सुमारे ०.७ किलोग्रॅम प्रति चौ. सेंमी. दाब असावा, असा एक जुना संकेत आहे. त्याहून पुष्कळ जास्त दाब म्हणजे पंप फिरवण्यात वाया गेलेली शक्ती.

बीएमडब्ल्यू कंपनीच्या एम-३ गाडीतील मिनिटाला सुमारे ८,००० फेऱ्यांपर्यंत जाणाऱ्या सहा-सिलिंडरी इंजिनाचे उदाहरण या विषयात वारंवार दिले जाते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यातील रॉड बेअरिंगे निकामी होऊ लागली, तेव्हा कंपनीने बेअरिंगे बदलून दिली आणि तेलही १०डब्ल्यू-६० श्रेणीचे ठरवले. दोष तेलाचा, फटीचा की बेअरिंगच्या घडणीचा, यावर गाडीमालकांत व यंत्रज्ञांत अजूनही एकमत नाही. नुसते जाड तेल घातल्याने प्रश्न मिटला असे या उदाहरणावरून म्हणता येत नाही, कारण दोन्ही उपाय बरोबरच झाले होते.

दुसऱ्या टोकाला, इंधन वाचवण्यासाठी नव्या गाड्यांत १६ व २० श्रेणीची तेले आली. १६ ही श्रेणी २०१३ मध्ये वर्गवारीत दाखल झाली, ८ व १२ या २०१५ मध्ये. घर्षणात जाणारी शक्ती श्यानतेच्या प्रमाणात असते, त्यामुळे फायदा खरा आहे. पातळ तेल हा ग्राहकाच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा प्रकार आहे, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो निराधार आहे. या इंजिनांची फट, पृष्ठभागाची सफाई, बेअरिंगचा धातू आणि पंप हे सर्व त्याच तेलासाठी आखलेले असते. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर व बारीक छिद्रांतून चालते. तीत जाड तेल घातल्यास तिचा प्रतिसाद मंदावतो. मात्र तेच इंजिन टर्बो बसवून दुप्पट शक्तीला नेले, तर निर्मात्याचा हिशेब लागू राहत नाही. तेथे फट आणि तेल दोन्ही नव्याने ठरवावी लागतात.

भारतातील बहुसंख्य एक-सिलिंडरी मोटारसायकलींत क्रँक रोलर व गोळ्यांच्या बेअरिंगांवर फिरतो. त्यांना वरील गणित लागू नाही. त्यांचे तेल गीअर आणि ओला क्लच यांचा विचार करून निवडतात.

मुंबई परिसरातील संदर्भ

शीवपासून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड असा ठाण्याकडे जाणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग हा जुना आग्रा रस्ता. याच रस्त्यावर कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता व तेथे फियाट ११००, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी तयार होई. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे हे इंजिन १,०८९ घन सेंमी.चे. मद्रासजवळील शोलावरमच्या धावपट्टीवर सुधारित फियाट गाड्या अनेक वर्षे शर्यतीत उतरत. या पिढीच्या इंजिनांत क्रँक घासून व्यासाने दहा, वीस किंवा तीस हजारांश इंच लहान करायचा आणि तेवढ्या जाड वाट्या बसवायच्या, ही सर्रास चालणारी दुरुस्ती होती. घासणाऱ्याचा हात जिथे अर्ध्या हजारांशाने चुके, तिथे पुढे तेल बदलून वेळ निभावली जाई. झिजलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घालून ठोके दाबणे हा त्याच परंपरेतला उपाय. त्याने आवाज कमी होतो, झीज भरून येत नाही.

सांताक्रूझ वेधशाळेतील किमान तापमानाची नीचांकी नोंद ७.४ अंशांची आहे, ती जानेवारी १९६२ मधील. त्यामुळे या उपनगरांत पहिल्या आकड्याचे महत्त्व गोठणकाळाशी निगडित नाही. तरीही सकाळी २५ अंशांचे तेल १०० अंशांच्या तेलाहून कितीतरी पटींनी दाट असते, आणि गाडी सुरू होताच वेग घेतल्यास ते दूरच्या बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही. येथील खरा ताण दुसराच : मे महिन्याच्या दुपारी विक्रोळी ते घाटकोपर या अंतरात तासभर अडकलेले इंजिन. फेरे कमी, तेल तापलेले, वारा नाही. पाचर तयार होण्यास वेग लागतो व तोच येथे नसतो. प्रशस्त फटीचे शर्यती इंजिन अशा रस्त्यावर चालवणाऱ्यास तेलाच्या दाबाचा दिवा लुकलुकताना दिसतो तो यामुळे. छोट्या फेऱ्यांत तेलात मिसळणारे पेट्रोलही श्यानता घटवते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीच्या तेलात पाणी गेले असल्यास ते दुधाळ दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्या पुरात अशा असंख्य गाड्या बुडाल्या. अशा वेळी तेल बदलण्यापूर्वी इंजिन फिरवून पाहणे म्हणजे बेअरिंगे हातची घालवणे होय.

विक्रोळीचे नाव इंजिनांच्या संदर्भात आणखी एका कारणाने घेतले जाते. येथील गोदरेजच्या कारखान्यात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेसाठी ‘विकास’ हे द्रवइंधनी इंजिन तयार केले गेले. पीएसएलव्ही प्रक्षेपकाचा दुसरा टप्पा याच इंजिनावर चालतो. नाव इंजिन असले तरी त्यात पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही आणि तेलाची पाचरही नाही. त्यामुळे प्रस्तुत लेखातील गणित त्याला लागू होत नाही.